चावली का मुतली?

आनंदाबाईंच्या डाव्या पायाचा अंगठा टम्म फुगला आणि दोष अण्णाजींच्या बुटावर आला. अण्णाजी दिवाळीच्या तोंडावर गेले. ओसरीतले त्यांचे बूट तेव्हापासून कोणी हलवले नव्हते. त्या सकाळी कोणी पाहत नाही असं बघून आनंदाबाईंनी नवऱ्याच्या बुटात हळूच पाय घातला. आत कातिणीनं जाळं विणून संसार मांडला होता.

अण्णाजी गेल्यापासून आनंदाबाईंच्या तोंडून 'हो' आणि 'नाई' यापलीकडे शब्द निघाला नव्हता. सून सुरभी ताट वाढायची, ते अर्धं परत यायचं. नात मांडीवर दिली तरी नजर भिंतीवर. म्हणून "अगं माय!" अशी किंकाळी आली तेव्हा सुरभी घाबरली, आणि खोटं कशाला, थोडी हरखलीही.

शेजारच्या सीताकाकू भिंतीवरून डोकावल्या. "काय झालं वं?"

"आईले कातीण चावली."

"चावली का मुतली?"

"ते कसं समजन, काकू?"

"समजाव लागते ना! मुतली असन त आमचूर, चावली असन त हळद."

"चावलीच," समोरचे तानबा चुन्याची डबी घेऊन आले. "मुतली असती त पुरळ आलं असतं."

"तुमी पाह्यले गेलते काय?"

भांडण मिटेना, म्हणून दोन्ही लावलं. वर तानबांचा चुना. अंगठा भगभगू लागला. मुलगा अंकुश मोबाइलमध्ये वाचून म्हणाला, "थंड ठेवा म्हणून राह्यले." बर्फ नव्हता, त्यानं फ्रीजमधली मटारची थैली आणून पायावर ठेवली.

आनंदाबाईंनी पायाकडे एकदा नीट पाहिलं.

"हळद झाली, आमचूर झालं, मटारही आले. आता फोडणी देऊन टाका."

सगळे खदखदून हसले. सुरभीनं पदर डोळ्यांना लावला.

"हे असते त म्हणाले असते, मीठ कमी हाये," आनंदाबाई पुटपुटल्या. हसू जागच्या जागी थांबलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यात अंगठा कुठला?" साबण-पाण्यानं सगळं धुतलं. म्हणाल्या, "थंड कपडा ठेवा, पाय उशीवर उंच. दुसरं काही लावू नका. सूज वाढली, ताप आला, तर लगेच या."

सूज काही वाढली नाही. पण पाय पाहायला आळी लोटली. चहाचं आधण उतरेना, चावली-मुतलीचा वाद मिटेना, आणि आनंदाबाईंचं ताट दोनदा पुसून परत आलं. मग सूज ओसरली, तशी माणसंही ओसरली. ताट पुन्हा अर्धं यायला लागलं. नजर भिंतीवर गेली.

एका दुपारी लेकीला थोपटून सुरभी जरा टेकली होती, तेवढ्यात हाक आली.

"सुरभी, अंगठा दुखून राह्यला वं. थंडा कपडा आन."

ती धावली. आनंदाबाईंनी उशीवर पाय ठेवला होता.

उजवा.

सुरभीनं पायाकडे पाहिलं, मग सासूकडे. सासू भिंतीकडे पाहत होती. सुरभीनं ओला कपडा त्या धडधाकट अंगठ्यावर हळुवार ठेवला आणि बाहेर आवाज दिला, "सीताकाकू, लवकर येजा! आमचूर आनजा! तानबाकाका, तुमीही या!"

"काऊन? पुन्हा चावली?" काकू भिंतीवरूनच ओरडल्या.

"नाई," आनंदाबाईंनीच उत्तर दिलं. "या खेपेले मुतली."