बेचाळिसावा बेडूक

एका जंगलात, मुलांनो, तंबाखू खाणारे फार होते. तोंडं वाकडी करू नका. तुमच्या घरात कोण काय खातं ते मला चांगलं ठाऊक आहे.

त्या जंगलात पूर्वी 'अस्वल छाप' तंबाखू मिळायची. पुडी कागदाची असल्यामुळे कमरेला खोचली की चुरगळायची. म्हणून कारखान्याच्या मालकाने, म्हणजे एका म्हाताऱ्या अस्वलाने, प्रत्येक पुडीत पुठ्ठ्याचा एक तुकडा घालायला सुरुवात केली. नुसता पुठ्ठा डोळ्यांना बरा दिसेना, म्हणून त्यावर हुतूतूच्या खेळाडूंची रंगीत चित्रं छापली. जंगलात तेव्हा हुतूतूचे सहा संघ होते आणि एकेका संघात सात गडी. साती सख बेचाळीस. पाढे येतात ना? मग चित्रंही बेचाळीस.

मोठ्यांनी तंबाखू खाल्ली, पोरांनी चित्रं जमवली आणि काही वर्षांनी सगळे सगळं विसरले. अस्वल वारलं. कारखान्यावर वेली चढल्या.

मग बऱ्याच काळाने कुणाला तरी वळचणीत एक चित्र सापडलं. दुसऱ्या कुणाला ते हवंसं वाटलं. तिसऱ्याला, दुसऱ्याला हवंय म्हणून हवंसं वाटलं. झालं, जंगलात नवाच ताप आला.

हा ताप सगळ्यात जास्त चढला तो भिकोबा साळिंदराला.

भिकोबाने जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता. हुतूतूचा एक डावही पाहिला नव्हता. त्याच्या बिळासमोरच मैदान होतं आणि संध्याकाळी मुंगसांची पोरं तिथे खेळत. पण तेवढ्यात भिकोबा बाहेर येऊन ओरडायचा, कारण त्यांच्या पायांची धूळ उडून त्याच्या खेळाडूंवर बसायची.

वाळलेल्या पळसपानांची एक वही त्याने शिवली होती. एका पानावर एक चित्र. आठ वर्षं खपून त्याने एक्केचाळीस पानं भरली होती. बेचाळिसावं तेवढं कोरं होतं. पाहुणे आले की तो एक्केचाळीस पानं भराभर उलटायचा आणि कोऱ्या पानापाशी येऊन थांबायचा.

"इथे गुणाजी बेडूक येणार," तो हळूच सांगायचा, आणि पाहुणे त्या कोऱ्या पानाकडे टक लावून बघत बसायचे.

आता हा गुणाजी एवढा दुर्मिळ का? तुम्ही म्हणाल, फार थोर खेळाडू असेल. छे हो. थोर होता तो वाघ. वाघाचं चित्र प्रत्येक पोराने जपून ठेवलं, एकेकाने सात सात ठेवली. त्यामुळे वाघ इतके उरले की लोक आता त्यांचा ताकाच्या मडक्यावर झाकण म्हणून उपयोग करत. गुणाजीची गोष्ट वेगळी होती. हुतूतू म्हणत समोरच्या अंगणात शिरायचं, कुणाला तरी शिवायचं आणि दम न सोडता परत यायचं, एवढंच काम. गुणाजी शिरायचा, जोरात उडी मारायचा आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून थेट मागच्या रेघेबाहेर पडायचा. बाद. अकरा सामने खेळला आणि अकराही वेळा असाच बाद झाला. कुणाच्या पुडीत गुणाजी निघाला की पोरं चिडून त्याचे तुकडे करत. म्हणून साऱ्या जंगलात त्याचं एखादंच चित्र उरलं होतं, आणि म्हणून आता ज्याच्या त्याच्या तोंडी गुणाजीचं नाव होतं. बघा, कसं असतं.

आणि गंमत ऐका. तो गुणाजी जिवंत होता. भिकोबाच्या बिळापासून वीस पावलांवर, ओढ्याकाठच्या दगडाखाली राहत होता.

भिकोबाची बायको चिंगूबाई पाण्याला गेली की त्याच्याशी दोन शब्द बोलून यायची. म्हातारा एकटा आहे, तुमची चौकशी करत होता, एकदा भेटून या, असं तिने कितीदा तरी सांगून पाहिलं. भिकोबा दर वेळी एकच विचारायचा की त्याच्याकडे चित्र आहे का. नाही, असं ती म्हणाली की तो पुन्हा वहीत डोकं घालायचा. चित्र नाही तर त्या बेडकाशी बोलायचं तरी काय, असा त्याचा खरोखरीचा प्रश्न होता.

एके दिवशी बातमी आली की टेकडीपलीकडच्या घोरपडीकडे गुणाजी आहे. तिची चूल डुगडुगायची, म्हणून तिच्या सासूने तो कधीकाळी चुलीखाली सरकवला होता.

भिकोबा धावत गेला. घोरपड मोठी पोचलेली बाई. पाहुण्याची धाप बघूनच तिने ओळखलं की हा वाटेल ते देईल. तिला परसाला कुंपण हवं होतं. तिने भिकोबाचे काटे मागितले. तो म्हणाला, दहा घ्या. ती चुलीकडे सरकून बसली. तो म्हणाला, वीस घ्या. तिने चुलीवर आधण ठेवलं.

शेवटी एकूण एक काटे गेले. भिकोबा घरी आला तेव्हा चिंगूबाईने त्याला आधी ओळखलंच नाही. ओळखल्यावर तिने घाईघाईने दार लावून घेतलं. आता बिबट्या आला तर काय करणार आहात, असं तिने विचारलं. भिकोबाने उत्तरादाखल चित्र दाखवलं. तिने आधी चित्राकडे पाहिलं, नंतर त्याच्या पाठीकडे. मग म्हणाली, लग्नाला इतकी वर्षं झाली पण पाठीवरून हात फिरवायची कधी सोय नव्हती, आता ती झाली, एवढाच काय तो फायदा. भिकोबाचं लक्ष नव्हतं. तो चित्रावर फुंकर मारत होता.

पण चित्र नुसतं असून चालत नाही, मुलांनो. त्याला दर्जा लागतो. दर्जा द्यायचे घुबडशास्त्री. ते हे काम भरदुपारी करत, कारण दुपारी त्यांना काही दिसत नसे आणि त्यामुळे निकाल निःपक्षपाती लागे. दर्जा ठरला की ते चित्रावर पातळ राळ ओतत. राळ वाळली की चित्र कायमचं आत. बघता यायचं, पण हात लावता यायचा नाही. सगळे संग्राहक म्हणत की खरं सुख त्यातच आहे.

घुबडशास्त्री राळेचं भांडं घेऊन आले. त्यांनी चित्र चोचीजवळ धरलं. एक कोपरा वाळवीने खाल्लेला, मधोमध चुलीच्या पायाचा वण. त्यांनी दहापैकी तीन दिले.

भिकोबाचा चेहरा पडला. पाठीची तर आधीच दशा झालेली. तेव्हा शास्त्रीबुवांना दया आली. त्यांनी सांगितलं की चित्रावर खुद्द खेळाडूचा पंजा उमटवून घेतला तर दर्जा आठापर्यंत चढतो. आणि तो खेळाडू त्यानंतर लवकरच वारला तर नऊ.

भिकोबाने तिथल्या तिथे चिंगूबाईला ओढ्यावर पिटाळलं. गुणाजींना म्हणावं, सवड काढून या.

गुणाजीला सवडच सवड होती. तो आला, दारात थांबला, पाय पुसू लागला. बेडकाचे पाय पुसून कोरडे होतात का? पण तो बिचारा पुसत राहिला. इतक्या वर्षांत त्याला कुणी घरी बोलावलं नव्हतं.

पंजा द्यायला तो एका पायावर तयार झाला. त्याची एकच अट होती, तीही त्याने फार संकोचत सांगितली. त्याने स्वतःचं चित्र कधीच पाहिलं नव्हतं. चित्रं छापली गेली तेव्हा तो रोज पुड्या फोडायचा. दर वेळी वाघ, तरस, नाहीतर आणखी कुणी. तीनशे पुड्या फोडल्या. त्या नादात तंबाखूची सवय लागली आणि दात गेले, असं त्याचं म्हणणं. बेडकाला दात किती असतात ते तुमच्या बाईंना विचारा.

"माझ्याकडेही एक्केचाळीसच होती," गुणाजी म्हणाला. "मीच तेवढा मिळालो नाही. एकदा हातात धरून बघू का?"

भिकोबाने चित्र छातीशी धरलं. पण आठ म्हणजे आठ. त्याने चित्र पुढे केलं.

गुणाजीने ते दोन्ही हातांनी धरलं आणि डोळ्यांजवळ नेलं. चित्रात एक तरुण हिरवा बेडूक छाती काढून उभा होता, पिवळा लंगोट लावलेला.

"बरा दिसायचो की मी," गुणाजी म्हणाला. त्याचे डोळे भरून आले.

कारखान्याचं ते अस्वल तसं कंजूष. रंग अगदीच हलका वापरलेला. गुणाजीचे हात ओले, त्यात वरून डोळ्यांतलं पाणी पडू लागलं. आधी पिवळा लंगोट वाहून गेला. मग पाय गेले, छाती गेली. भिकोबा 'अहो, अहो' म्हणेपर्यंत गुणाजीच्या हातात हिरवं पाणी आणि एक मऊ पडलेला पुठ्ठा उरला.

भिकोबा भिंतीला टेकून बसला. आठ वर्षं गेली, काटे गेले आणि हाती पुन्हा कोरं पानच राहिलं. तो लहान मुलासारखा रडू लागला. त्याचं रडणं गुणाजीला बघवेना. आयुष्यभर तो लोकांचा खेळच बिघडवत आला होता, आणि आजही त्याने तेच केलं होतं.

"चित्र गेलं, पण ज्याचं चित्र तो आहे ना अजून?" तो म्हणाला. "मी बसतो त्या पानावर. तेवढंच तुम्हाला बरं वाटेल."

आणि खरंच तो उठला, वहीच्या बेचाळिसाव्या पानावर जाऊन छाती काढून बसला. दोन घटका बसावं, भिकोबाला हसू आलं की उठावं, असं त्याच्या मनात होतं.

भिकोबाचं रडणं थांबलं. तो पानाकडे बघत राहिला. पान भरलेलं होतं. एक ते बेचाळीस, मध्ये कुठेही खंड नव्हता. त्याने शास्त्रीबुवांकडे पाहिलं. शास्त्रीबुवांनी गुणाजीला चाचपून पाहिलं आणि नमुना अस्सल आहे, जाडी थोडी जास्त आहे, राळ दुप्पट लागेल, असं सांगितलं.

"अहो, जिवंत आहे तो," चिंगूबाई म्हणाली.

"तेवढा एक दोष आहे," शास्त्रीबुवा म्हणाले, "पण तो राळेने निघतो."

भिकोबाने राळेचं भांडं उचललं. तो काही दुष्ट नव्हता. वीस पावलांवरचा शेजारी आहे, आपल्याकडे पाहून हसतोय, हे त्याला दिसत होतं. पण बेचाळिसावं पान त्याला अधिक स्पष्ट दिसत होतं. त्याने भांडं तिरकं केलं.

राळेचा पहिला थेंब पाठीवर पडला आणि गुणाजीला अंगणातली ती जुनी भीती आठवली. समोरून सात जण झडप घालायला येतायत असं त्याला वाटलं. मग त्याने त्याला येत असलेली एकमेव गोष्ट केली. सगळी ताकद लावून उडी मारली. वहीवरून, शास्त्रीबुवांच्या डोक्यावरून, बिळाच्या दारातून तो थेट बाहेर मैदानात जाऊन पडला.

बाराव्यांदा रेघेबाहेर.

मैदानात मुंगसांचा डाव चालला होता. वरून अचानक बेडूक पडलेला बघून पोरं आधी पांगली, मग जवळ आली. ही उडी आम्हाला शिकवा, असं म्हणून त्यांनी त्याला घेरलं. बाद व्हायचं असेल तर शिकवतो, असं गुणाजीने प्रामाणिकपणे सांगितलं. पोरांना ते फारच आवडलं.

आत भिकोबा पानाकडे बघत होता. पानावर चार ओल्या पायांचे ठसे उमटले होते, मधे पोटाचा गोल डाग. शास्त्रीबुवांनी डाग हुंगला आणि ते एकदम ताठ झाले. गुणाजीची चित्रं कुणाकडे ना कुणाकडे सापडतील, ते म्हणाले, पण खुद्द गुणाजी बसून निघून गेलेलं पान जगात एकच. त्यांनी दहापैकी दहा दिले. आजवर कुणाला मिळाले नव्हते. डाग तासाभरात वाळून दिसेनासा होईल, मग तर दर्जाच्याही पलीकडे जाईल, असं सांगून ते उठले.

महिन्याभरात जंगलातल्या साऱ्या संग्राहकांनी आपापल्या वहीतलं एकेक चित्र काढून टाकलं आणि ते भिकोबाच्या कोऱ्या पानाच्या दर्शनाला येऊ लागले. पण ते पुढचं. त्या संध्याकाळी भिकोबा वहीशी एकटा बसला होता. बाहेर पोरं खिदळत होती, मधूनच धपकन उडी पडल्याचा आवाज येत होता. त्याला एकदा वाटलं, जाऊन बघावं, हा हुतूतू असतो तरी कसा. पण अंगावर काटे नव्हते. शिवाय वहीपाशी कोण थांबणार?

चिंगूबाई आत आली. जवळ बसली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने त्याच्या उघड्या पाठीवर हात ठेवला.

भिकोबा दचकला.

"हात कोरडा आहे ना?" त्याने विचारलं.

तात्पर्य : मुलांनो, पुढे जगाने तुम्हाला जपून ठेवावं असं वाटत असेल, तर आजपासून मन लावून वाईट खेळा. मात्र कुणी जपायला आलंच, तर उडी तेवढी तयार ठेवा.