सावकाश होऊ द्या

आमचे सेतुमामा वाढलेल्या ताटापुढे पाऊण तास हात न लावता बसू शकतात. भूक नसते म्हणून नव्हे. भूक दणकून लागलेली असते. पण कोणी "सावकाश होऊ द्या" म्हटलेलं नसतं.

तुमच्याकडेही पंगतीत यजमान हे म्हणतात, मला ठाऊक आहे. मी पुण्यात आठ वर्षं नोकरी केली, ही लिपीसुद्धा तिथेच शिकलो. पण तुमच्याकडे यजमानाचं म्हणून होईपर्यंत लोकांचा निम्मा वरणभात संपलेला असतो. मामांचं तसं नाही. बोलावणाऱ्याने ते शब्द उच्चारल्याखेरीज त्यांचा हात उचलतच नाही. "रीत म्हणून एक आहे कीं नाहीं?" हे त्यांचं पालुपद. तीनेकशे वर्षांपूर्वी आमचे पूर्वज तंजावरला आले ते शंभर रीती घेऊन आले, त्यातल्या नव्याण्णव आम्ही कावेरीत सोडल्या आणि मामांनी सगळ्या परत काढून वाळत घातल्या, असं माझी आई, म्हणजे मामांची थोरली बहीण, म्हणायची.

राजवाड्याजवळच्या मेसमध्ये त्यांना सगळे ओळखतात. मामा पानावर बसले की गल्ल्यावरचा मालक तिथूनच ओरडतो, "सार, साप्पिडुंगो!" म्हणजे साहेब, जेवा; परभाषेत मामांना तेवढं चालतं. मामा मान डोलावतात आणि मगच सांबाराकडे वळतात. एकदा मालक तिरुपतीला गेला आणि गल्ल्यावर त्याचा मेव्हणा बसला. त्याला कोण सांगणार? मामा तसेच बसून राहिले. शेवटी वाढप्याने न उष्टावलेलं केळीचं पान गुंडाळून उचललं आणि मामा पैसे देऊन घरी आले. वर मला म्हणाले, "मेव्हणा माणूस बरा आहे, पण वळण नाहीं."

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. भूमापन खात्यातल्या नोकरीपेक्षा मामांनी मन लावून केलेलं काम म्हणजे आमच्या लोकांच्या लग्नातल्या पंगती. चाळीस वर्षं कोणाचंही लग्न असो, उपरणं कमरेला बांधून मामा पंगतीतून फिरायचे आणि दर पानाशी वाकून, ज्याचं त्याचं नाव घेऊन म्हणायचे, "सावकाश होऊं द्या." लहान मुलांनासुद्धा. मी पाच वर्षांचा असताना ते मला "अहो विठ्ठलराव" म्हणाले होते, तेव्हापासून मी त्यांचा भक्त आहे. मग दिवस बदलले. गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ झाले, छतांवर केबलच्या तारा आल्या आणि लग्नात बुफे आला. हातात बशा घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसांना काय म्हणायचं, ते मामांना सुचेना. हळूहळू ते लग्नाला जाईनासे झाले.

त्याच सुमारास माझ्या कंपनीने, आम्ही पाण्याचे पंप विकतो, मला एक बक्षीस दिलं. तिरुवैयारूच्या रस्त्यावर नदीकाठी एक जुना महाल आहे. आमच्या लहानपणी त्यात शेळ्या बांधायचे. बाहेरच्या कोणा कंपनीने तो घेतला, डागडुजी केली, रंग दिला आणि पंचतारांकित हॉटेल काढलं. तिथे दोघांना दोन दिवस फुकट!

मला वाटलं, बायको उड्या मारेल. वत्सला म्हणाली, "पोरांच्या परीक्षा आहेत. तुम्ही मामांना न्या. त्यांच्या कॉलरीत आता दोन मामा मावतील. त्यांच्या भिंतीवरचे कावळे बघा कसे गलेलठ्ठ झालेत, आणि हे बघा!"

खरंच होतं. चार-पाच महिन्यांत मामा निम्मे झाले होते. मामी जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून ते एकटेच राहायचे. पण स्वयंपाक उत्तम करायचे आणि तब्येत राखून होते. आता अचानक काय झालं कळेना. त्यांना मधुमेह. डॉक्टर म्हणाले, "साखर वाढलेली नाही, उलट कमीच आहे. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात जेवण पोटात गेलंच पाहिजे. नाहीतर एक दिवस कोसळतील." मी विचारलं, "मामा, जेवता ना वेळेवर?" तर म्हणाले, "वेळेवर रांधतों." मी ऐकलं आणि सोडून दिलं. माझ्या डोक्यात नको त्या आजारांची यादी सुरू झाली होती. दोन दिवस मामा माझ्या नजरेसमोर पोटभर जेवले तर मला झोप लागेल, एवढीच माझी इच्छा होती.

अकरा वाजता आम्ही पोचलो. मामांच्या एका हातात छत्री, दुसऱ्या हातात फिरकीच्या झाकणाचा पितळी कूजा, पाण्याचा; आणि काखेत केळीच्या पानांची गुंडाळी. दारात तयार पागोटं घातलेला, कोइंबतूरकडचा एक दरवान होता. मामा त्याच्यापुढे थांबले, ते पागोटं दोन्ही हातांनी सरळ केलं, म्हणाले, "आतां बरें," आणि आत गेले. दरवानाने मला सलाम ठोकायचा तो त्यांना ठोकला.

खोलीत पलंगावर टॉवेलाचा हंस करून ठेवला होता. मामा दचकले. "हा उलगडला तर परत कोण करणार?" त्यांनी तो जपून टेबलावर ठेवला आणि स्वतःच्या पंच्याने तोंड पुसलं. न्हाणीघरात टेलिफोन पाहून ते बाहेर आले. "इथून कोण कोणास बोलावतें रे?"

"कोणी नाही मामा. असतो आपला."

"बोलवायचें नाहीं तर ठेवला कशास?"

साडेबाराला त्यांनी गोळी घेतली. मी घड्याळ बघितलं. एक वाजेस्तोवर घास पोटात जायला हवा. जेवणघर म्हणजे महालाचं जुनं भोजनदालन, दगडी खांबांचं. मामा चपला काढून आत शिरले आणि एकदम हळू बोलायला लागले. "माझा आजा इथें वाढपी होता. महालाचा धनी स्वतः पंगतींतून फिरे, अस्क्यांस, लहानथोर सगळ्यांस, म्हणे."

मी बघितलं, तर समोर बुफे!

तरी म्हटलं, आपणच वाढून आणावं. मामांना खिडकीशी बसवलं, त्यांचं केळीचं पान टेबलावर मांडलं आणि भात, सारू म्हणजे आमचं सार, रसवांगी, सगळं आणून वाढलं. रसवांगी, म्हणजे वांग्याची डाळ घातलेली आंबट रसभाजी, ही आमची खासियत. हॉटेलने तिला काय केलं होतं देव जाणे, पण वास बरा होता. मामांनी चित्राहुती घातली, पाणी फिरवलं आणि हात मांडीवर ठेवून बसले.

"मामा, घ्या ना."

"घेतों की." हात मांडीवरच.

एक वाजला. मी उठलो आणि वाढप्यांच्या मुकादमाला गाठलं. "या जागेचा मालक कुठाय?"

"मालक म्हणजे कंपनी, सर. दिल्लीला असते."

"मग मॅनेजर बोलवा, ताबडतोब!" तो घाबरला, त्याला वाटलं अन्नात काही निघालं. मॅनेजर धावत आला, कोट घातलेला, उत्तरेकडचा उंच तरुण. मी त्याला घाईघाईने समजावलं की माझ्या मामांना फक्त जेवा म्हणायचंय, बाकी काही नको. तो बिचारा खरंच सज्जन. टेबलापाशी येऊन कमरेत वाकला आणि म्हणाला, "एन्जॉय युअर मील, सर!" आणि जाता जाता शेजारच्या गोऱ्या जोडप्यालाही तेच म्हणाला.

मामांनी नमस्कार केला. तो गेल्यावर म्हणाले, "चांगला मुलगा आहे. पण हा त्या फुलदाणीसही हेंच म्हणेल."

"मामा, सव्वा वाजला!"

"मग?"

"गोळी घेतलीये तुम्ही!"

"घेतली की." कपाळावर घामाचे थेंब. ओठ पांढरे. मांडीवरची बोटं थरथरत होती. मी चहाच्या टेबलावरची साखर मुठीत आणली आणि त्यांच्या तोंडाशी धरली. त्यांनी लहान मुलासारखं तोंड फिरवलं. मी आचाऱ्याला बाहेर आणलं. त्याने उंच टोपी काढून हात जोडले, मामांनीही जोडले, बस्स. लोक बघायला लागले. मी डॉक्टरला फोन कुठून करायचा म्हणून आधी धावलो, मग न्हाणीघरातल्या फोनची आठवण झाली, मग अर्ध्या वाटेतून परत फिरलो. काय करत होतो माझं मलाच कळत नव्हतं.

परत आलो, तर मामांची मान किंचित कलली होती, पण डोळे माझ्यावर होते. मी दारातून येताना, बुफेकडे धावताना, मॅनेजरला आणताना ते माझ्याकडेच बघत होते, हे तेव्हा लक्षात आलं. मला रडू यायला लागलं आणि त्यांचा रागही आला. काय करावं न सुचून मी तुपाची वाटी उचलली, भातावर तूप सोडलं, आणि आई वाकायची तसा पानाशी वाकलो.

"सेतुमामा," मी म्हणालो, "सावकाश होऊ द्या."

मामांनी लगेच घास घेतला. मग दुसरा. चौथ्या घासाला बोटांची थरथर कमी झाली. मी खुर्चीत कोसळलो.

"अहो, मीच म्हणायचं होतं, तर सांगितलं का नाही?"

"मजला घेऊन कोण आलें? तूं. मग त्या परक्या पोरास कशास पळवलेंस? 'घ्या ना' ही घाई जाली, बोलावणें नव्हे." त्यांनी रसवांगीत बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "आणि सांगायचें कसें रे? मागून घेतलेलें बोलावणें, तें बोलावणें होतें का?"

त्यांनी तीनदा भात घेतला. दर वेळी मी म्हणायचो, दर वेळी ते मान डोलवायचे. मुकादम कोपऱ्यातून बघत होता. शेवटी तो आला आणि ताक वाढून स्वतःच काहीतरी पुटपुटला. मामांनी त्यालाही मान डोलावली.

जेवल्यावर आम्ही नदीकडच्या ओसरीत वेताच्या खुर्च्यांवर बसलो. मी विचारलं, "मामा, मग घरी कसं करता? मामी गेल्यापासून तुम्हाला कोण म्हणतं?"

त्यांनी विड्याचं पान लावून तोंडात टाकलं. मग म्हणाले, "पलीकडे भिंतीस लागून ते तमिळ कुटुंब होतें ना? ती बाई साडेबारास पोरांस जेवायास हाक मारी. 'कण्णा, साप्पिड वा!' मोठा आवाज. मी ताट वाढून बसलेलाच असें. तेवढ्यावर भागत होतें."

"होतं म्हणजे?"

"तिच्या नवऱ्यास होसूरास नव्या कारखान्यांत नोकरी लागली. गेले अस्के. चार मास जाले. त्या घरांत आतां संगणकाचा वर्ग आहे. ते लोक डबा खातात, बोलत नाहींत."

"आणि तुम्ही?"

"रांधतों. वाढतों. बसतों. तीन वाजतां कावळ्यांस घालतों. संध्याकाळीं केळें खातों." ते हसले. "कावळ्यांस कोणी म्हणावें लागत नाहीं. मेल्यांस वळण नाहीं."

चार महिने दर रविवारी मी त्यांच्याकडे जात होतो, आजार शोधत होतो, रक्ताच्या तपासण्या लिहून घेत होतो. चाळीस वर्षं गावातल्या प्रत्येक पानाशी वाकलेल्या माणसाच्या पानाशी आता कोणीच नव्हतं, आणि मी तीन गल्ल्या सोडून राहत होतो. मला स्वतःची लाज वाटली. वत्सलाला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "आमच्याकडे येऊन राहा म्हणावं." ते येणार नव्हते. कोणाच्या घरी कायमचं राहायची रीत नाही. मग दुपारी ऑफिसातून मीच धावत त्यांच्या पानाशी जायला लागलो.

पण त्याच पावसाळ्यात मामांचा फोन आला, म्हणजे यंत्र. कैक वर्षांपूर्वी मामींनी नाव नोंदवून ठेवलं होतं. तेव्हापासून दुपारी साडेबाराला मी ऑफिसातून नंबर फिरवतो. मामा हॅलो म्हणत नाहीत. उचलतात आणि गप्प राहतात. मी म्हणतो, "सेतुमामा, सावकाश होऊ द्या." ते रिसीव्हर ठेवतात. कॉलर पुन्हा भरायला लागली आहे. रविवारी वत्सला ताट धाडते आणि मी पानाशी जातो.

परवा मात्र घोटाळा झाला. मुंबईहून मोठे साहेब आले होते, आकडे संपता संपेनात. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजले, एक वाजला, दीड वाजला. साहेब पंपांबद्दल विचारत होते आणि मला मामांची मांडीवरची बोटं दिसत होती. कसाबसा सुटलो, टेबलापाशी धावलो, नंबर फिरवताना दोनदा चुकलो. पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"मामा! माफ करा! बरे आहात ना? गोळी?"

"गोळी घेतली नाहीं. तुझा फोन येईल मग घेऊं म्हटलें." आवाज शांत होता. "सारू गार जाला. चालतें. घाबरूं नको."

मी डोळे पुसले आणि माझं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तूं जेवलास का?"

माझा डबा समोर तसाच बंद होता. "नाही, अजून नाही."

मग मामा घसा खाकरून, नीट, लग्नातल्या पंगतीच्या आवाजात म्हणाले, "अहो विठ्ठलराव, सावकाश होऊं द्या."