समजल्यासारखे वाटले

आमच्या विज्ञान प्रसार मंडळात 'सामान्य वाचक' नावाचे एक पद आहे. विज्ञानातले काहीही न कळणे ही त्या पदाची किमान पात्रता. मंडळातल्या इतर पदांना ही अट नाही. तिथे ती केवळ परंपरा आहे. विश्वाचा जन्म, कृष्णविवरे, मूलकण अशा विषयांवर सर्वसामान्यांसाठी लिहिलेले कुठलेही पुस्तक छापायला आले, की आधी सामान्य वाचकाच्या टेबलावर जाते. त्याच्या खणात दोन रबरी शिक्के असतात. एक 'समजले नाही' आणि दुसरा 'समजल्यासारखे वाटले'. पहिला उमटला की पुस्तक परत, दुसरा उमटला की छापखान्यात. तिसरा शिक्का नाही, कारण तिसरी शक्यता मंडळाच्या स्थापनेपासून कुणाला सुचलेलीच नाही. मी मंडळाचा उपसचिव. शिक्के माझ्या अखत्यारीत येतात, म्हणून खात्रीने सांगतो.

या पदावरच्या माणसाला आम्ही सामान्यराव म्हणायचो. कामाला चोख. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पुस्तक संपवायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा, एक लांब सुस्कारा सोडायचा आणि म्हणायचा, "केवढं अफाट विश्व, साहेब, आणि आपण केवढेसे." सुस्कारा आला की पुस्तक उत्तम, असे आम्ही धरून चालायचो. त्याची नेमणूक तात्पुरती होती आणि यंदा ती कायम व्हायची होती. ती झाली की मंडळाच्या वसाहतीतले, माझ्या शेजारचे घर त्याच्याकडेच राहणार होते. त्याची बायको पडद्यांचे कापडसुद्धा बघून आली होती.

आणि नेमके तेव्हाच प्राध्यापिका बाईंचे हस्तलिखित येऊन पडले. बाई मूलकणांवर संशोधन करणाऱ्या. पुस्तक बारीकसे. त्यात कुठे 'गूढ' नाही, 'थक्क करणारे' नाही, देवाचे नावसुद्धा नाही. बाईंनी ते म्हणे आईला वाचून दाखवत लिहिले होते. आई जिथे "म्हणजे काय गं?" म्हणायची, तो भाग पुन्हा लिहायचा. आता मला सांगा, पुस्तक लिहायची ही काय रीत झाली?

सामान्यराव वाचायला बसला. थोड्या वेळाने त्याने पान मागे उलटले. हे त्याने पूर्वी कधी केले नव्हते. मग पेन्सिल घेऊन काहीतरी गोल गोल काढले. मग स्वतःशीच हसला. सुस्कारा काही येईना. शेवटी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"साहेब, मला समजलं."

"समजल्यासारखं वाटलं, असं म्हणा."

"नाही हो. समजलंच. तिसरा शिक्का कुठे ठेवलाय?"

"काय समजलं तुम्हाला?" मी दरडावून विचारले.

"आपलं वजन, साहेब. आपण अणूंचे बनलेले. अणूचं जवळजवळ सगळं वजन त्याच्या केंद्रकात. केंद्रकातल्या एकेका कणाच्या आत आणखी बारके तीन कण, त्यांना क्वार्क म्हणतात. पण त्या तिघांची वजनं मिळवली, तर मोठ्या कणाच्या वजनाचा जेमतेम शंभरावा हिस्सा भरतो. मग बाकीचं आलं कुठून? त्यांच्या आतल्या धावपळीतून, आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या ओढीतून. ऊर्जा एका जागी कोंडली की तीच वजन म्हणून भरते. म्हणजे काट्यावर उभं राहिलं की आपण बघतो ती मुख्यतः धावपळच असते."

इथे भलताच प्रकार झाला. तो बोलत असताना मलाही ते समजू लागले. निवृत्तीला अजून अवकाश आहे, घरी माणसे आहेत. मी त्याला तिथेच थांबवले आणि प्रकरण संचालकांकडे नेले.

संचालकांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, "याला समजलं असेल, तर हा सामान्य राहिला नाही. सामान्य राहिला नाही, तर याचं मत आपल्याला चालत नाही. मत चालत नाही, म्हणजे पुस्तक सामान्यांना झेपतं हे सिद्ध होत नाही. नापास."

"आणि तो अजून सामान्यच असला तर?" मी विचारले.

संचालकांचा चेहरा पडला. "तर सगळ्यांनाच समजेल. आणि लोकांना समजलं, तर याच विषयावरचं पुढचं पुस्तक घेईल कोण?"

बाईंना बोलावणे धाडले. त्या आणि संचालक समोरासमोर बसले.

"बाई, यात फुगा नाही," संचालक म्हणाले. "विश्व फुगत जातं ते दाखवायला सगळे फुगा घेतात."

"विश्व फुग्यासारखं नाहीये. फुग्याला बाहेरची बाजू असते."

"असेल. पण फुगा हवा. बरं, अवकाश वाकतं ते दाखवायला रबराची चादर?"

"तीही नको. फसवते ती."

"मांजर तरी? ते पेटीतलं, जिवंतही आणि मेलेलंही?"

"मांजराचा इथे काय संबंध?"

"वाचकांचा जीव आहे हो मांजरावर. तुम्ही समजवायला बसलात, बाई, हीच तुमची चूक. आम्हाला भारावून टाकणारं हवंय."

बाईंनी हस्तलिखित पिशवीत घातले आणि त्या निघून गेल्या. आता उरला सामान्यराव. पुस्तक परत करता येते, समजलेले परत कसे करणार? संचालकांनी तोडगा काढला. सामान्यरावाला पूर्ववत करायचे. या योजनेला नाव दिले 'पुनःसामान्यीकरण'. असा शब्द भौतिकशास्त्रातही आहे म्हणे, त्यामुळे मंजुरी लगेच मिळाली. त्याला मंडळाची जुनी, गाजलेली पुस्तके सक्तीने वाचायला बसवले. तर हा पठ्ठ्या त्यांतल्या चुका दाखवायला लागला. संचालकांच्या व्याख्यानाला बसवले, तर मध्येच हात वर करून म्हणाला, "म्हणजे काय?" संचालकांना व्याख्यान तिथेच आवरावे लागले. चहाच्या वेळी टंकलेखिका त्याच्याभोवती घुटमळू लागली आणि तिचेही हसू वाढले. ही लागण आहे हे ओळखून आम्ही त्याचे टेबल जिन्याखाली हलवले.

आमच्या दोन घरांमधली भिंत पातळ आहे. एका संध्याकाळी त्याच्या बायकोचा आवाज आला.

"अहो, मारा ना तो एक शिक्का. समजल्यासारखं वाटलं म्हणायला तुमचं काय जातंय?"

"खोटं आहे ते."

"माझ्या भावाच्या कविता ऐकून बरे मान डोलावता."

"तिथे समजण्यासारखं काही नसतं."

"थट्टा नको. घर जाईल. पोरीची शाळा इथून दोन पावलांवर आहे. कुठे जायचं आपण?"

तो म्हणाला, "अगं, जन्मभर मला सगळे ढ म्हणत आले. पहिल्यांदा काहीतरी मुळापासून कळलंय. किती आनंद झालाय ते तुला सांगता येत नाही. आणि तेच नाही म्हणू?"

"काय असं कळलंय एवढं? सांगा बघू मला."

त्याने सांगितले. ती मध्ये मध्ये "म्हणजे?" म्हणत राहिली, तो पुन्हा सांगत राहिला. मग ती हळूच म्हणाली, "खरंच की हो. मग आता कठीण आहे." आणि रडू लागली. मी रेडिओ मोठा केला.

शेवटी संचालकांनी सुनावणी ठेवली. तिथे सामान्यरावाला दोन्ही शिक्के पुढ्यात ठेवून विचारले. तो म्हणाला, "समजलं." त्याच आठवड्यात त्याला मोकळे केले. निघायच्या दिवशी तो घराची किल्ली द्यायला माझ्या दारात आला. बायको पोरीचा हात धरून सामानापाशी उभी होती.

"साहेब," तो म्हणाला, "त्या दिवशी मी सांगत होतो, तेव्हा तुम्हालाही समजलं होतं. तुमच्या तोंडावर दिसत होतं. सुनावणीत एवढं एकच वाक्य बोलला असतात तर."

"समजल्यासारखं वाटलं होतं," मी म्हणालो आणि किल्ली घेतली.

बाईंच्या पुस्तकाऐवजी आम्ही दुसरे छापले. त्यात फुगा आहे, चादर आहे, दोन मांजरे आहेत आणि मुखपृष्ठावर निळी-जांभळी आकाशगंगा. हातोहात खपले. घराघरांत दर्शनी फळीवर उभे असते.

आता सामान्य वाचकाची जागा रिकामी आहे. अर्ज बरेच आले, पण माझे लक्ष आपल्याकडे आहे. आपण ही हकीकत इथवर वाचलीत. मध्ये क्वार्कांचा चांगला परिच्छेदभर मजकूर होता. तिथे आपण थांबला नाहीत, मागे वळून पाहिले नाहीत, कुणाला "म्हणजे काय?" असे विचारले नाहीत, पुढे काय झाले ते बघायला निघून आलात. आम्हाला हवा तो अनुभव हाच. मुलाखतीची गरज नाही. घर रिकामेच आहे, सोमवारपासून रुजू व्हावे.