मिरचीपथारीचा संग्राम आणि पाण्याच्या तोफेचा पाडाव

तापी-गोमाईचे जळ साक्ष, सातपुड्याची शिखरे साक्ष, आणि नंदुरबार कसब्याचे वेशीबाहेर प्रकाशा गांवाचे वाटेवर जी लाल मिरचीची पथारी पसरली होती ती सर्वांहून थोर साक्ष ठेवोन, गेले हिवाळ्यांत जे रण माजले त्याची हकीकत येथे लिहिली असे. ऐकणारांनी नाकास पदर अगर रुमाल धरोन ऐकावी.

पथारी म्हणजे काय, तर मोकळे मैदान. बाजारांतोन ओली मिरची यावी, मैदानावर पसरावी, उन्हाने तिचे लाड करावे आणि मग ती कडकडीत होवोन मुलुखोमुलुखी रवाना व्हावी, ऐसा त्या प्रांतीचा पूर्वापार सरंजाम. पथारीचे धनी राजश्री सलाउद्दीन चाचा. त्यांस दम्याने जेर केले, तेव्हा त्यांनी कारभाराची वस्त्रे आपली लेक साबिराबी इजला दिली आणि हुकूम फर्माविला तो ऐसा, की या हंगामाचा माल नेक उतरला तर पथारी तुझी, डाग लागला तर पुढील साली पुतण्या वसीम कारभार पाहील. वसीम मियां ते दिवसापासोन रोज सायंकाळी मोटारसायकल पथारीचे कडेस उभी करोन मिरचीकडे ऐसे पाहत, की जणू दस्त जाहलाच आहे. साबिराबी फावड्याने मिरची उलथवीत राही. बोलोन मिरची वाळत नाही, हे तीस ठाऊक होते.

ऐशांत रस्ता रुंद करावयास हरितसेतू कंपनीची फौज उतरली. डंपर आले, पोकलेन आले, आणि त्यांचे मागोमाग कंपनीने सर्व पृथ्वीस ऐकू जाईल ऐसी शपथ वाहिली, की आमचे कामांत धुळीचा कण उडणार नाही. शपथेचा फलक उभा राहिला, फलकावर हिरवे पान निघाले, आणि शपथ तडीस न्यावयास एक अजस्र तोफ आणिली. ती गोळा न टाकिता पाण्याचे धुके टाकी. तोफेवर गोलंदाज करमसिंग, आणि सर्व ठाण्याचे सुभेदार भावेशभाई साईट मॅनेजर.

आता कंपनीचे संचालक मंडळाची जी पर्यावरण समिती, तिचा कायदा ऐसा होता, की धूळ किती बसली हे न पुसता तोफ किती तास चालली हे पुसावे. भावेशभाई कायद्याचे पक्के. डंपर धावो अगर न धावो, तोफ चालू. आणि धूळ उडे ती दूर कच्च्या वळणरस्त्यावर, जेथे तोफेचा नळ पोहोचत नसे. म्हणोन तोफ जेथे उभी राहू शके तेथे उभी केली, म्हणजे पथारीचे शेजारी. ऐसियाने वाऱ्यावरोन धूळही मिरचीवर आणि पाणीही मिरचीवर, दोन्ही फौजा एकाच किल्ल्यावर चालोन आल्या.

साबिराबी वकिलातीस गेली. भावेशभाईंनी चहा देवोन सांगितले, की ताई, हे सर्व आपल्याच आरोग्यासाठी चालले आहे. ती परतली आणि चहा बरा होता इतकेच मजुरिणींस बोलली. पुढे मिरचीचे कडेस बुरशीचे पांढरे ठिपके दिसू लागले, आणि वसीम मियांची मोटारसायकल सकाळीही येवो लागली.

मग तो दिवस उगवला. समितीच्या मुख्य संचालिका खुद्द पुण्याहून पाहणीस येणार, म्हणोन भावेशभाईंनी तोफेस पूर्ण जोर द्यावयाचा हुकूम केला. दुपारचे ऊन ऐन भरांत, मोटारींचा ताफा आला, फुलांचे गुच्छ जाहले, आणि तोफ गर्जली. धुक्याचा लोट उठोन सबंध पथारीवर उतरला. मोलगीकडील डोंगरांतोन हंगामास आलेल्या मजुरिणींची पुढारीण फुलीबाई, तिने पदर कसला आणि साबिराबीस पुसले, "आपा, समदी मिरची वली व्हयी गयी. आते?"

साबिराबीने आभाळ पाहिले, वारा पाहिला. वारा पथारीवरून नीट मोटारींकडे वाहत होता. मिरची ओली राहिली तर सायंकाळपावेतो काळी पडती, आणि उलथवावी तर तिखटाचा खकाणा कोठे जाणार हे सांगावयास ज्योतिषी नको. अंमळ तिचे मनांत पाहुण्यांची दया आली. मग अब्बांचा चेहरा आला.

"समदी उलथा," ती बोलली. "वारानं काम वारा देखी ली."

बायांनी तोंडास फडकी बांधिली, फावडी उचलिली आणि गाणे उचलिले:

*वारा रे भाऊ मन्हा, धुये नको आनू,*
*लाल मन्ही लेक शे रे, उन्हमा दे न्हावू.*

तळची सुकी मिरची वर आली, बी उधळले, आणि लाल वारा उठोन जो चालोन गेला तो काय वर्णावा! आधी गुच्छ गळाले, मग टाय सैल जाहल्या. अहवालाचे छायाचित्रकार शिंकत शिंकत मोटारींत जावोन दडले. कंपनीचे उंच खांबावरील धूळमापक यंत्र, जे हंगामभर हिरवे होते, ते तांबडे होवोन बोंब मारू लागले. भावेशभाई ठसक्यांत बोलिले, "मॅडम, ही आमची धूळ नाही. ही मिरची आहे."

संचालिकाबाईंचे डोळे वाहत होते, तरी त्या पुढे आल्या आणि या घडीस उलथवण्याचे कारण काय, ते पुसते जाहल्या. फुलीबाई फावड्यावर हात ठेवोन बोलली, "तुमनी तोफ थांबाडा ना बाई, आमनं उलथनं आपसूक थांबी."

तोफ थांबली. फावडी थांबली. शांतता होते न होते तोच दूर वळणरस्त्यावरून एक डंपर गेला, आणि त्याचे मागे धुळीचा जो डोंगर उठला तो सर्वांनी नीट पाहिला, कारण मधले धुके आता नव्हते.

"त्या रस्त्यावर डांबर का नाही?" बाईंनी पुसले.

"डांबराचे तास धरत नाहीत, मॅडम," भावेशभाई बोलिले. "समितीच्या नियमांत फक्त तोफेचे तास आहेत."

बाईंनी नाक पुसले. "तो नियम मीच लिहिला," त्या हसल्या, आणि हसता हसता पुन्हा ठसकल्या, तेव्हा साबिराबीने आपली पाण्याची बाटली पुढे केली. तह तेथेच जाहला, उभ्या उभ्या. वळणरस्ता डांबरी करावा, डंपरांवर ताडपत्री घालावी, धूळ मोजावी ती लोक जेथे श्वास घेतात तेथे मोजावी, आणि तोफ पथारीपासोन हलवावी. पुढे समितीनेही यावर शिक्का केला.

डांबर पडले. ऊन आपले कामास लागले. हंगाम सरता सलाउद्दीन चाचांची स्वारी रिक्षांतोन पथारीवर आली. त्यांनी ढिगांतोन एक मिरची उचलिली, कानाशी नेली, आणि हलविली. आंतील बी खुळखुळ वाजले. कडकडीत वाळल्याची ती खूण. मग मोटारसायकलीवर बसलेल्या पुतण्यास बोलिले, "वसीम, पोती शिवाले मानसं कमी शेतस. उतर खाले."

येणेंप्रमाणे पथारी साबिराबीचे नांवे कायम जाहली, वसीम मियां सुईदोऱ्याचे चाकरीस रुजू जाहले, आणि पाण्याची तोफ कंपनीचे गोदामामागे उभी असे, तिचे तोंडांत पारव्यांनी ठाणे केले आहे. मोहीम फत्ते.