तळेऱ्याक इले काय?

भात शिजला का, एवढंच विचारायचं असलं तरी आमच्या शेजारचे गुणाभावोजी विचारतात, "भात तळेऱ्याक इलो काय?" ग्रामपंचायतीत दाखल्याचं काम कुठवर आलं, तेही असंच. एकदा अंगणवाडीच्या नव्या बाईंनी त्यांना तळेऱ्याची एसटी किती वाजता सुटते ते समजावून सांगितलं होतं.

आमचं गाव तोंडवलीच्या पुढे, किनाऱ्यावर. वाडीत कोणी गेलं की मुलगे मुंबईहून येईपर्यंत थांबावं लागतं. त्यांची गाडी हायवेने तळेऱ्याच्या तिठ्यावर आली की इथे पोचायला दोनेक तास उरतात. मग भावोजी माणसांना सरण रचायला पाठवतात, त्याआधी नाही. कोणी त्यांना बोलवायला जात नाही. शेजारी रडणं ऐकू आलं की ते कोयता आणि काथ्याची दोरी घेऊन निघतात. बांबू तोडणं, तिरडी बांधणं, मडकं, डॉक्टरचा दाखला, सगळं तेच बघतात.

"रडणाऱ्याक बसाक देव नये," असं त्यांचं म्हणणं. माझी सासू गेली तेव्हा माझे मालक पडवीतल्या खांबाला धरून सुन्न बसले होते. भावोजींनी त्यांना उठवलं. "तुळस घेवन ये. काळी होयी हां, पांढरी चलाची नाय." मालक तीन घरं फिरून आले तेव्हा जरा माणसात आले होते. काळ्या तुळशीची डहाळी सकाळपासून भावोजींच्या सदऱ्याच्या खिशात होती. मी ती बघितली होती, पण बोलले नाही.

मुंबईशी फोनवर बोलताना ते शुद्ध बोलतात. "नमस्कार. आपण कुठपर्यंत पोचलात?" मग फोनवर हात ठेवून आम्हाला सांगतात, "अजून पनवेलाक चाय पितत."

आवाजावरून कोण येणार ते त्यांना कळतं. "प्रेत कधी उचलणार" म्हणून विचारणारा येतो. फोनवर हुंदके देणारा येतो, पण उशिरा. "आणि बघतंय म्हणणारो कधीच येवचो नाय," असं ते सांगत. ते कधी चुकले नाहीत.

येणारेही काय एकेक. एक मुलगा काळा चष्मा लावून आला आणि आईच्या तिरडीजवळ उभा राहून विचारू लागला, "किती वेळ लागेल? संध्याकाळची कणकवलीहून गाडी आहे." भावोजी दोरीची गाठ मारत म्हणाले, "थांब, तुझ्या आवशीक विचारून सांगतंय."

त्यांचा स्वतःचा मुलगा एकच, दीपक, तोही मुंबईला. गणपतीच्या तीन चतुर्थ्या तो घरी आला नाही. वयनी, म्हणजे भावोजींची बायको, दर वेळी त्याची गादी उन्हात घालायच्या आणि संध्याकाळी उचलून आत ठेवायच्या. गेल्या वर्षी त्यांनी अंथरूण धरलं. डॉक्टरने आशा सोडली त्या संध्याकाळी भावोजी आमच्या पडवीत आले, कारण रेंज आमच्याकडेच येते. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोन मोठ्या आवाजावर असतो. मी तांदूळ निवडत होते.

"आवस तुका विचारता," ते म्हणाले. "उद्या ये."

"बाबा, बघतंय."

"बरा," म्हणून भावोजींनी फोन खिशात घातला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला वयनी गेल्या. वाडी जमली. आता संध्याकाळपर्यंत थांबायचं, अशा बेताने माणसं सावलीला बसली. कोणीतरी भावोजींनाच विचारलं, "दीपक तळेऱ्याक इलो काय?"

"तेका कळवूक नाय," भावोजी म्हणाले आणि बांबू तोडायला गेले.

एकच्या आत उचललं. अग्नी त्यांनीच दिला. बायका माझ्याच अंगणात बसून बोलत होत्या, "लोकांच्या आवशींका दिवस दिवस ठेवल्यान, आणि स्वतःच्या बायलेची घाई झाली." मलाही तसंच वाटलं. आदल्या दिवशीचा फोन ऐकूनही मला राग आला. पोराला कळवायचं तरी. मी पेज नेली, टोप त्यांच्या उंबऱ्याजवळ ठेवला आणि तशीच परत आले.

तिसऱ्या दिवशी दीपकचा फोन आला. पुन्हा आमचीच पडवी, पुन्हा तोच मोठा आवाज. "मला कळवलं असतं तर मी आलो असतो. आईचं तोंडसुद्धा बघू दिलं नाहीत तुम्ही."

भावोजी उभे राहून बोलले. "होय. चूक झाली. आपण म्हणता ते बरोबर आहे."

पोटच्या पोराला "आपण" म्हणाले. लोकांच्या मुलांशी बोलायचे तीच भाषा.

पुरुषांपुढे मी तोंड उघडत नाही. पण त्या दिवशी म्हटलं, "भावोजी, एक फोन करूचो होतो."

ते पायरीवर बसले. धुतलेला टोप त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

"आदल्या दिवशी तो काय म्हणालो, ता तू आयकलंस मा? फोन केलंय आणि तो येवक नाय, तर? ती थंय आंगणात पडलेली, आणि आख्खी वाडी वाटेकडे बघीत बसलेली. चार वाजले, पाच वाजले. मगे तिका तशीच उचलूची?" मग म्हणाले, "आता तो म्हणता, मी येतलंय होतंय. म्हणांदे."

बाराव्यालाही दीपक आला नाही. जेवणाच्या पंगतीत एकाने चौकशी केली. भावोजी भात वाढत होते.

"माझ्यार रागावलो आसा," ते म्हणाले. आणि पलीकडच्या पंगतीलाही ऐकू जावं म्हणून जरा मोठ्याने पुन्हा एकदा म्हणाले.