दाखवायला नेलेली माती

सुनेने सांगितली होती दहा ठिकाणची माती आणि डोमाजींनी घेतली एकाच ठिकाणची. सगळं रामायण तिथून सुरू झालं.

लांजीजवळच्या त्यांच्या गावात घरामागेच दोन एकरांचं वावर होतं. चार वर्षं झाली, तिथली तूर गुडघ्याच्या वर जाईना, आणि जी जाई ती पिवळी पडे. भरवेलीच्या खाणीत नोकरीला असलेला मुलगा अश्विन म्हणे, विकून टाका. सून रूपालीने मात्र शेतीच्या शिबिरात ऐकलं होतं, की माती आंबट झाली असेल तर चुना घालून सुधारते, आणि किती घालायचा ते तपासणीत कळतं. बापाने नांगरलेलं वावर राहणार की जाणार, हे आता अर्धा किलो मातीवर येऊन ठेपलं होतं.

"मामाजी, दहा जागची घ्या अन सारी मिसळा," रूपालीने बजावलं.

"हौ हौ. मले नको शिकवू. सत्तर वर्षं मातीतच हाव मी."

पण फावडं हातात घेतलं आणि डोमाजींचं मन अडखळलं. माती परक्यांच्या ऑफिसात जाणार, चार शिकलेली माणसं ती पाहणार. पोरगी दाखवायची तर फाटक्या लुगड्यात कोणी दाखवतं का? त्यांनी पिवळी जागा सगळी सोडली आणि विहिरीकडच्या कोपऱ्यातली काळी, भुसभुशीत माती भरली. तिथली तूर दरवर्षी माणसाच्या उंचीची होई. वर ती चाळणीने चाळलीही.

तपासणीचा कागद आला. माती उत्तम, चुन्याची गरज नाही! डोमाजींनी तो कागद तीन दिवस चहाच्या टपरीवर मिरवला. "पास झालं वावर!" म्हणत गावाला चहा पाजला.

चौथ्या दिवशी अश्विनचा फोन आला. "बाबा, माती चांगली हाय तरी तूर होत नाही. म्हणजे त्या जमिनीत दमच नाही. वावर घ्याले प्रीतमसेठले सांगतलं मी. रविवारी पाहाले येऊन राह्यला."

डोमाजींच्या हातातला घास हातातच राहिला. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. ते रूपालीपुढे जाऊन उभे राहिले.

"सूनबाई, ते माती... थोडी कोपऱ्यातली होती."

"थोडी म्हणजे?"

"सारी."

रूपाली पदर तोंडाला लावून हसली आणि फावडं घेऊन स्वतःच निघाली. डोमाजी मागे मागे. "इथची नको वं, लाज वाटते!" ते जिथे जिथे म्हणत, तिथलीच माती ती घेई. दुसरा कागद येईपर्यंत तिने प्रीतमसेठला थोपवून धरलं. माती भलतीच आंबट निघाली. एकरी आठ क्विंटल चुना. अश्विनही नरमला. "बरं, यंदा घालून पाहू."

"पण त्या कोपऱ्यालेच काहून लागत नाही?" डोमाजींनी विचारलं.

उत्तर त्यांच्या बायकोने, कमलाबाईंनी, तांदूळ निवडता निवडता दिलं. "तिथं सासूबाई रोज चुलीची राख टाकत."

"राखही चुन्याचंच काम करते, मामाजी," रूपाली म्हणाली. "मग आजीनं साऱ्या वावरात काहून नाही टाकली?"

आई, सीतामाय, राखेचं टोपलं घेऊन वावरभर फिरायची, हे डोमाजींना लख्ख आठवलं. आणि तिच्या हातातून टोपलं हिसकावणारा तरणाबांड डोमाजीही आठवला.

"मीच अडवलं तिले. वावर काळं दिसते, लोक हासतात म्हनलं. त्या कोपऱ्यात टाक, तिथं कोणाले दिसत नाही." त्यांनी उपरणं डोळ्यांना लावलं. "आठ क्विंटलचं काम माय टोपल्यानं करत होती वं, अन मी तिले येडी म्हनलो."

"आता रडता काहून?" कमलाबाईंनीही डोळे पुसले. "उद्या चुन्याची पोती येतील. तेवढी गुमान उतरवा, अन पसरवाच्या वेळेस सुनेच्या हातातलं टोपलं हिसकू नका."