मावशींची परवानगी

आमचे देवरे डॉक्टर बेशुद्ध माणसाची परवानगी मागतात. नुसती मागत नाहीत, उत्तराची वाट बघत उभे राहतात. मी आयसीयूत सिस्टर म्हणून पंधरा वर्षं काढली, हट्टी डॉक्टर पुष्कळ पाहिले, पण हा नमुना एकच.

कँटीनमध्ये मिसळ खातानाही तेच. रस्सा एक चमचा घालायचा, थांबायचं, घाम येतो का बघायचं, मग दुसरा. “सिस्टर, व्हेंटिलेटरचा दाब असाच वाढवायचा. बेताबेताने.” तोवर माझी मिसळ संपून चहाही झालेला असतो.

कळवणच्या एक मावशी न्यूमोनियाने अगदी वाईट अवस्थेत आल्या. व्हेंटिलेटर लावावा लागला. श्वास सोडल्यावर फुप्फुसं मिटू नयेत म्हणून ते मशीन आत थोडा दाब धरून ठेवतं. कमी पडला तर फुप्फुसं मिटतात, जास्त झाला तर बीपी कोसळतं. मावशींचा जीव त्या एका आकड्यावर अडलेला.

डॉक्टर वाकून विचारायचे, “मावशी, दोनने वाढवू का?” मावशी औषधांनी झोपवलेल्या, त्या काय बोलणार? डॉक्टर मॉनिटरकडे बघायचे. ऑक्सिजन वाढला की, “हो म्हणाल्या.” एकदा बीपी घसरलं, तर लगेच आकडा मागे घेऊन त्यांनी हात जोडले. “चुकलं मावशी. सिस्टर, रागावल्या हो त्या.” मला हसूही येत होतं आणि बीपीच्या आकड्यावरून नजरही काढवत नव्हती.

ड्यूटी संपली की शेवटचा प्रश्न, “मावशी, घरी जाऊ का?” इथे मात्र नियम उलटा. ऑक्सिजन जरासा हलला तरी, “नको म्हणतायत,” म्हणत खुर्ची ओढून बसायचे. एरवी मी कुणाला ऐकवायचं सोडत नाही. पण बायको गेल्यापासून त्यांच्या इंदिरानगरच्या घरात कोणी नाही, हे मला माहीत होतं. मग मी त्यांच्यासाठी चहा सांगायचे.

बाराव्या दिवशी मावशींच्या घशातली नळी निघाली. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी सवयीने विचारलं, “मावशी, घरी जाऊ का?” आणि मॉनिटरकडे बघू लागले.

उत्तर खाटेवरून आलं, घोगऱ्या आवाजात, अहिराणीत. “जाय भाऊ घर. पोचना का फोन कर.”

डॉक्टरांची नजर मॉनिटरवरून हलेना. डोळे पुसायला मात्र त्यांनी कुणाची परवानगी मागितली नाही.

अर्ध्या तासाने आयसीयूतला फोन वाजला.

“सिस्टर, मावशींना सांगा, पोचलो.” मग जरा थांबून, “आणि विचारा, जेवायला बसू का?”